नातवंडांचाही रक्तदाब मोजून घ्यावा

उच्च रक्तदाब हा उतारवयाचा विकार, अशी आपली दृढ समजूत असते. त्यामुळे नातवाचे डोके वारंवार दुखू लागले, की चष्मा, अभ्यास किंवा मोबाइल यांनाच दोष दिला जातो. परंतु बालकांनाही तीव्र उच्च रक्तदाब होऊ शकतो. मूल जितके लहान आणि दाब जितका जास्त, तितके त्याचे मूळ मूत्रपिंडात किंवा त्याच्या रक्तवाहिनीत असण्याची शक्यता अधिक.

अनेक घरांत सकाळी मुलांना उठवतात ते आजी-आजोबाच. त्यामुळे काही खुणा प्रथम त्यांच्याच नजरेस पडतात. उठल्यावर पापण्या सुजलेल्या दिसणे, लघवी कमी होणे, तिला फेस येणे किंवा तिचा रंग कोऱ्या चहासारखा होणे, या त्या खुणा होत. घसा दुखून गेल्यानंतर एक-दोन आठवड्यांनी, किंवा अंगावरचे फोड पिकून गेल्यानंतर तीन ते सहा आठवड्यांनी त्या दिसल्या, तर मूत्रपिंडाच्या दाहाची शंका घ्यावी. दुपारपर्यंत सूज उतरते म्हणून ‘अ‍ॅलर्जी असेल’ असे मानून थांबू नये.

निदानाची सुरुवात साधी आहे : रक्तदाब मोजणे आणि लघवीतील प्रथिने व रक्त तपासणे. पुढे गरजेनुसार क्रिएटिनिन व सोनोग्राफी करतात. मात्र घरच्या यंत्राचा मोठा पट्टा बालकाच्या बारीक दंडावर बांधल्यास आकडा खोटा कमी येतो. अरुंद पट्ट्याने तो खोटा वाढतो. म्हणून मुलांच्या मापाचा पट्टाच हवा. तेरा वर्षांखालील मुलांना १२०/८० हा आपला मापदंड लागू पडत नाही. वय, लिंग व उंचीनुसार कोष्टक पाहावे लागते. पाच वर्षांच्या मुलाचा वरचा दाब १२५ असेल, तर तो बराच जास्त ठरतो. निरोगी मुलाचाही रक्तदाब तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी मोजावा.

डोकेदुखीसोबत उलट्या, अंधुक दिसणे, गुंगी किंवा आकडी आल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. आपली रक्तदाबाची गोळी मुलाला अर्धीसुद्धा देऊ नये. वाढलेला दाब एकदम उतरल्यास मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामकही देऊ नये.

घशाच्या संसर्गानंतर होणाऱ्या या दाहातून बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. धोका असतो तो वाढलेला दाब कुणी न मोजल्याचा.