योगवर्गाचे भाडे कोणी भरावयाचे?

मधुमेहाचा, स्थौल्याचा वा कटिशूलाचा रुग्ण समोर बसला, की औषधाची चिठ्ठी लिहून झाल्यावर आपण सारेच एक वाक्य उच्चारतो : "आणि थोडी योगासने सुरू करा." हे वाक्य उच्चारावयास आपल्याला काहीच खर्च येत नाही. रुग्णाने ते कोठे व कोणाच्या देखरेखीखाली अमलात आणावयाचे, आणि ती देखरेख करणाऱ्याचा चरितार्थ कसा चालतो, याचा विचार आपल्यापैकी कितीजणांनी केला असेल? आम्हीही तो केला नव्हता. आमच्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर चालणारा योगवर्ग बंद पडला, तेव्हा तो करणे भाग पडले.

वर्ग लहानसाच होता. सुमारे चारशे चौरस फुटांची भाड्याची खोली, सकाळच्या दोन व सायंकाळची एक तुकडी, आणि शिकविणाऱ्या एकट्या ताई. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि वर्गाला कुलूप बसले. केंद्र शासनाने ५ ऑगस्ट २०२० पासून योगसंस्थांना मुभा दिली. आपल्या राज्यात त्यासाठी नोव्हेंबर उजाडावा लागला. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनेनुसार प्रत्येक साधकामागे चार चौरस मीटर जागा सोडावयाची होती. चारशे चौरस फूट म्हणजे सुमारे सदतीस चौरस मीटर. जेथे पूर्वी वीसजण बसत, तेथे आता नऊजण बसणार. शुल्क निम्म्याहून खाली आले, भाडे मात्र पूर्वीइतकेच राहिले. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा कुलूप लागले.

तरीही ताईंनी ती दोन वर्षे पदरमोड करून काढली. वर्ग मोडला तो त्यानंतर. निर्बंध उठले, पण जुने साधक परतले नाहीत. त्यांना घरबसल्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आसने पाहण्याची सवय लागली होती. दूरच्या शहरातील कोणी एक शिक्षक एकाच वेळी शेकडोंना अल्प शुल्कात शिकवीत होता. निरोगी तरुणाने तसे शिकण्यास आमची हरकत नाही. परंतु आमच्याकडील गृध्रसीच्या एका रुग्णाने पडद्याकडे पाहून हौसेने पश्चिमोत्तानासन केले आणि महिनाभराच्या स्नेहन-स्वेदनाने जे साधले होते ते एका सकाळी घालविले. पडद्यावरील शिक्षकाला त्याचे वाकलेले कंबरडे दिसत नव्हते. ताईंना ते दिसले असते. त्यांनी त्याला त्या आसनास हातही लावू दिला नसता. वर्ग बंद झाल्याने आपल्या चिकित्सेचे काय जाते, ते आम्हाला त्या दिवशी कळले.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. वैद्य आपले शुल्क घेतो. द्रव्याची किंमत औषधालयाचे चालक घेतात, आणि त्यात गैर काही नाही. विहाराच्या बाबतीत उपस्थात्याचे काम करणारा योगशिक्षक मात्र शुल्क मागू लागला, की आपल्याच कपाळावर आठी चढते. "योग का विकावयाची वस्तू आहे?" असे विचारणारे वैद्यमित्र आम्ही पाहिले आहेत. या प्रश्नामागे एक थोर परंपरा आहे, हे मान्यच करावयास हवे. नागपूरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने, ठाण्याच्या अंबिका योग कुटीराने विनामूल्य शिक्षणाचा आदर्श घालून दिला, आणि त्यांचे ऋण महाराष्ट्रावर आहे. परंतु तेथे शिक्षक सेवाभावाने शिकवितात. त्यांची चूल अन्यत्र पेटलेली असते. जिची चूलच वर्गावर पेटते, तिला हा आदर्श दाखविणे म्हणजे शुद्ध अन्याय होय. वैद्यकीही एके काळी धर्मार्थ होती, असे रुग्णाने आपल्याला ऐकविले तर आपण काय उत्तर देऊ?

शासनाकडून साह्य येईल, ही आशाही फारशी धरण्यासारखी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून योगकेंद्रांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, याचे आपल्या वर्तुळात बरेच कौतुक झाले. पण ज्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत आहे, त्याला हा कर मुळातच लागू नव्हता. गल्लीतल्या वर्गाला त्या सवलतीतून एक पैसाही मिळालेला नाही.

लहान वर्गाचे खरे दुखणे कराचे नसून भाड्याचे आहे. भाडे बारा महिन्यांचे आणि शुल्क जेमतेम आठांचे. वसंतात गजबजलेला वर्ग उन्हाळ्याच्या सुट्टीत ओस पडतो, पावसाच्या झडीत पुन्हा रोडावतो. आपली ऋतुचर्याही ग्रीष्मात व्यायाम कमी करावयासच सांगते. तेव्हा साधकांना तरी दोष कसा द्यावा? यास्तव शुल्क मासिक न ठेवता वर्षाचे किंवा निदान सहा महिन्यांचे आगाऊ घ्यावे, आणि ग्रीष्म-वर्षात आसनांऐवजी प्राणायाम व शिथिलीकरण शिकवून वर्ग चालू ठेवावा, असे आम्ही सुचवितो. एकदा थांबलेला साधक क्वचितच परततो.

जागेचा प्रश्न मात्र आपण सोडवू शकतो. बहुतेक दवाखाने सकाळी नऊ-दहापर्यंत बंद असतात. प्रतीक्षाकक्षातील बाकडी हलविली की दहाजणांपुरती जागा सहज निघते. ती प्रत्यक्ष खर्चापुरत्या, म्हणजे वीज व झाडलोट एवढ्याच भाड्याने द्यावी. मात्र धाडलेल्या रुग्णामागे हिस्सा कदापि मागू नये. तसे करणे आपल्या व्यावसायिक आचारसंहितेत बसत नाही, आणि एकदा हिस्सा सुरू झाला की "योगासने करा" हा आपला सल्ला सल्ला राहत नाही.

औषधालयाच्या चालकांपैकी काहींनी वर्गात आपली चूर्णे व तेले विक्रीस ठेवून शिक्षकाला कमिशन देण्याची कल्पना मांडली आहे. हेतू चांगला असेल. आम्हाला ती पसंत नाही. अनिद्रेच्या रुग्णाला शवासन सांगणाऱ्या ताईंच्या मागे तेलाच्या बाटल्या मांडलेल्या असल्या, तर रुग्ण शवासनाविषयीही साशंक होतो. त्यांना साह्यच करावयाचे असेल तर दुसरा सरळ मार्ग आहे. औषधालयात गिऱ्हाइकांपुढे दिवसभर उभे राहणारे, कारखान्यात पुड्या बांधणारे, खलापाशी बसणारे आपलेच कामगार पाठदुखी व सिराकौटिल्याने बेजार असतात. त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन तास पूर्ण शुल्क देऊन वर्ग लावावा. शिक्षकाला बाराही महिने टिकणारे उत्पन्न मिळेल, आणि कामगारांच्या रजाही कमी होतील असा आमचा अंदाज आहे.

ताईंशी आम्ही बोललो तेव्हा त्या एका शाळेत अर्धवेळ नोकरी करू लागल्या होत्या. जागा विनामूल्य देऊ केली, ती त्यांनी नाकारली. खर्चापुरते भाडे घेणार असाल तरच येईन, म्हणाल्या. गेल्या कार्तिकापासून आमच्या दवाखान्यात सकाळी सहा ते साडेसात वर्ग भरतो. आठ साधक आहेत, गृध्रसीचा तो रुग्ण त्यांतलाच एक. बाकडी रोज हलविण्याचे काम आमच्या कंपाउंडरकडे आले असून त्याविषयीची त्याची कुरकुर अद्याप थांबलेली नाही.