उंटाची पाठ नको, गतिरोधक हवा

1959 मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. तेव्हा पाळी सुटली की सेक्टरच्या रस्त्यांवर सायकलींचा लोंढा यायचा, असं बाबा सांगत. आता दुपारी दोनला आमच्या गल्लीतून मोटरसायकली सुसाट सुटतात. गतिरोधक हवाच. पण मागच्या गल्लीत कुणीतरी रातोरात डांबराचा ढीग ओतला, तसा नको. त्यावरून रिक्षा उडाली आणि माझी कंबर आठवडाभर धरली. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप साधं आहे: रुंदी 3.7 मीटर, उंची फक्त 10 सेंटिमीटर. ताशी पंचवीसच्या वेगाने गाडी अलगद जाते. अलीकडे फलक, वर पांढरे पट्टे. पावसाळ्यानंतर ते पुन्हा कोण रंगवणार? ब्रश द्या, मी निवृत्तच आहे.