गुलबर्ग्याच्या मशिदीला कोर्दोबाचा टेकू नको

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, नवी दिल्ली



गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली जामा मशीद आपल्या खात्याच्या ताब्यात आहे. दख्खनच्या सुलतानशाह्यांची स्मारके 2014 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत आणि गुलबर्ग्याची बहमनी स्मारकेही त्यांत आहेत. आज ना उद्या त्यांचा सविस्तर प्रस्ताव तयार होईल. तो लिहिताना या मशिदीला ‘भारतातली कोर्दोबा’ म्हणू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

ही तुलना फार जुनी आहे आणि प्रवासाच्या पुस्तकांतून ती एकमेकांवरून उतरवली जाते. तिला आधार एकच, खांब आणि कमानींच्या लांबलचक रांगा. पण स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मशिदीत जुन्या रोमन इमारतींतून आणलेले सडपातळ दगडी खांब आहेत, त्यांवर नालाच्या आकाराच्या लाल-पांढऱ्या दुमजली कमानी आहेत, वर लाकडी छत आहे आणि पुढे संत्र्याच्या झाडांचे मोठे अंगण आहे. यातले गुलबर्ग्यात काय आहे? खांब चौकोनी आणि जाडजूड, कमानी टोकदार, छताला घुमट. अंगण तर नाहीच, आणि या मशिदीचे सारे वेगळेपण त्या नसलेल्या अंगणातच आहे.

216 फूट लांब आणि 176 फूट रुंद अशी ही वास्तू. म्हणजे 38 हजार चौरस फुटांची जागा, आणि ती सगळीच्या सगळी छताखाली. मधल्या दालनावर लहान लहान घुमटांच्या ओळी, चार कोपऱ्यांवर चार मोठे घुमट, आणि पश्चिमेला मेहराबापुढे चौकोनी चौथऱ्यावर उंच चढवलेला मुख्य घुमट. एवढ्या मोठ्या बंदिस्त जागेत उजेड आणायचा कुठून, हा खरा प्रश्न होता. बांधणाऱ्याने पश्चिमेची भिंत बंद ठेवली आणि उरलेल्या तिन्ही बाजू कमानींनी उघड्या टाकल्या. या बाजूंच्या ओवऱ्यांच्या कमानी पाहाव्यात. त्या विलक्षण रुंद आहेत, आणि जमिनीपासून थोड्याच उंचीवर त्यांचा बाक सुरू होतो. त्यामुळे बाहेरचा उजेड जमिनीलगत आडवा पसरत आत येतो. नक्षी जवळजवळ नाही, चुन्याचा साधा गिलावा आहे. सजावट म्हणायची तर ती या उजेडाचीच. अंगण मध्ये ठेवून भोवती ओवऱ्या बांधायची रीत मोडून कोणीतरी ही इमारत आतून बाहेर उलटवली, असे मला ती पाहताना वाटते. जवळचे नाते शोधायचेच असेल तर साधारण त्याच काळातल्या दिल्लीच्या खिडकी मशिदीकडे बघावे. तीही बरीचशी छताखाली आहे, पण तिथेसुद्धा चार चौक मोकळे सोडलेले आहेत. गुलबर्ग्यात तेवढेही नाहीत.

इथल्या शिलालेखात 1367 हे साल येते. तेव्हा पहिला मुहम्मदशाह बहमनी गादीवर होता. लेखात कझवीनच्या रफी नावाच्या माणसाचे नाव आहे. मध्ययुगीन दख्खनमध्ये बांधणाऱ्याचे नाव हाती लागणे किती दुर्मीळ, हे आपल्याला सांगायला नको. त्याचे नाव सुलतानाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत यावे. आणि प्रस्तावात मतभेदही लपवू नयेत. अभ्यासक हेलन फिलॉन यांनी ही इमारत मुळात फिरोजशाह बहमनीचा दरबार-महाल असावी, अशी मांडणी केली आहे. मला ती पूर्ण पटलेली नाही, पण अंगण का नाही या प्रश्नाला ती थेट भिडते. ‘कोर्दोबासारखी’ म्हटले की हा प्रश्नच कोणाला पडत नाही.

आम्हा मराठी माणसांना ही वास्तू परकी नाही. बहमनी राज्य 1347 मध्ये उभे राहिले ते दौलताबादेत, तिथूनच राजधानी गुलबर्ग्याला गेली. दौलताबादेतली 1318 सालची मशीद जुन्या देवळांच्या खांबांवर उभी आहे आणि तिला प्रशस्त अंगण आहे. तिथून गुलबर्ग्यापर्यंत पन्नास वर्षांत बांधकामाचा विचार केवढा पालटला! आजही हजारो मराठी भाविक दत्ताच्या दर्शनाला इथून जवळच्या गाणगापूरला येतात. ज्या गुरुचरित्राचे ते पारायण करतात, त्यात बेदरचा मुसलमान राजा श्रीगुरूंच्या पायाशी येतो. म्हणजे बहमनी मुलूख त्यांच्या पोथीतच आहे. या भाविकांपैकी काहींची पावले किल्ल्याकडे वळली, तर त्यांच्या हाती काही वाचण्याजोगे पडायला हवे.

म्हणून माझे मागणे साधे आहे. या इमारतीचे मोजून काढलेले आराखडे आणि उभे छेद सर्वांना पाहता येतील असे प्रसिद्ध करावेत. उजेड कसा आत येतो हे छेदावरून शाळकरी मुलालाही कळेल. कन्नड, उर्दू आणि मराठीत स्वस्त पुस्तिका काढावी. डागडुजी करताना घुमटांवर सिमेंट चढू देऊ नये, चुन्याच्या कामाला चुनाच लागतो. आणि युनेस्कोकडे जाणाऱ्या कागदात या मशिदीच्या परिच्छेदाची सुरुवात रफीच्या नावाने आणि त्या रुंद, बुटक्या कमानींनी व्हावी. पॅरिसमध्ये बसून तो वाचणाऱ्यांना कोर्दोबा आधीच ठाऊक आहे. त्यांना गुलबर्गा सांगायचे आहे.

आपला,
दख्खनच्या जुन्या वास्तूंचा एक अभ्यासक