मैदानाचा नकाशा आणि कबड्डीचे कर्जत

स्टॅनफर्ड विद्यापीठ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पॅसिफिक महासागराच्या बाजूला आहे. २०२४ पासून त्याचे संघ महाविद्यालयांच्या ज्या गटात खेळतात, त्या गटाचे नाव मात्र 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स' असे आहे. भूगोलाच्या पेपरात कोणी असे उत्तर लिहिले असते तर आम्ही लाल रेघ मारून मोकळे झालो असतो. तेथे मात्र जाणत्या कुलगुरूंनी, वकिलांच्या सल्ल्याने, करारावर सह्या करून हे उत्तर लिहिले आहे.

हे सांगू लागलो की आमचे सहाध्यापक हसतात. तुम्ही मराठी शिकवणारे, राहणार कर्जत तालुक्यात, तुम्हांस अमेरिकेच्या बास्केटबॉलचे काय पडले आहे, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे, आणि हा लेख त्याच्या उत्तरासाठीच आहे.

आधी तेथली व्यवस्था थोडक्यात. अमेरिकन महाविद्यालये खेळासाठी आपापसांत गट करतात. त्यांस ते 'कॉन्फरन्स' म्हणतात. हंगामातले बरेचसे सामने गटातल्या गटात होतात. दूरचित्रवाणीशी करार गट करतो आणि पैसा वाटतोही गटच. या पैशाचा मोठा झरा म्हणजे त्यांचा फुटबॉल, म्हणजे अंडाकृती चेंडू हातात धरून धावण्याचा तो खेळ. त्यास अवाढव्य मैदान लागते, शंभराच्या घरातला संघ लागतो. बास्केटबॉलचे तसे नाही. एक बंदिस्त सभागृह, एक चांगला मार्गदर्शक आणि डझनभर खेळाडू एवढ्यावर एखादे लहान महाविद्यालय देशात नाव काढू शकते. ईशान्येकडच्या शहरांतल्या अनेक कॅथलिक महाविद्यालयांनी ते काढले. त्यांच्याजवळ पहिल्या श्रेणीचा फुटबॉल नव्हता. होते ते शेजारी.

या शेजारावरच १९७९ मध्ये 'बिग ईस्ट' हा गट उभा राहिला. प्रॉव्हिडन्स महाविद्यालयाचे डेव्ह गॅव्हिट त्याचे मुख्य शिल्पकार. जॉर्जटाउन, सेंट जॉन्स, सीटन हॉल, सिराक्यूस, बोस्टन कॉलेज, कनेक्टिकट ही आरंभीची मंडळी. व्हिलानोव्हा वर्षभराने आले. १९८५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या उपान्त्य फेरीतल्या चार संघांपैकी तीन या एका गटाचे होते, आणि अंतिम सामन्यात व्हिलानोव्हाने जॉर्जटाउनला ६६-६४ असे हरवले. सहा वर्षांपूर्वी जन्मलेल्या गटाने देशाची अंतिम लढत घरातच खेळून घेतली!

मग घरात फुटबॉल आला. १९९१ पासून गटाने त्या खेळाचाही संसार मांडला, आणि पुढच्या वीस वर्षांत ज्या वाटाघाटी झाल्या त्यांत बास्केटबॉलवाल्यांचे स्थान लग्नाच्या बैठकीतल्या लांबच्या नातेवाइकासारखे झाले. २००४-०५ मध्ये मायामी, व्हर्जिनिया टेक आणि बोस्टन कॉलेज बाहेर पडले. जागा भरण्यासाठी नवे सभासद आले. गट सोळा जणांचा झाला. २०११ मध्ये सिराक्यूस आणि पिट्सबर्ग यांनी जाण्याचे जाहीर केले. सिराक्यूस-जॉर्जटाउन हे वैर ज्यांनी पाहिले त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे. करारनाम्यात त्यासाठी रकाना नव्हता. फुटबॉलसाठी आयडाहोतल्या बॉयसी स्टेटला 'पूर्वे'च्या गटात ओढण्याचा बेत झाला, तेव्हा शब्दांना काही अर्थ उरला आहे काय, असा प्रश्न आमच्यासारख्या भाषेच्या शिक्षकास पडावा.

डिसेंबर २०१२ मध्ये पहिल्या श्रेणीचा फुटबॉल नसलेली सात कॅथलिक महाविद्यालये उठली आणि वेगळी झाली. जाताना त्यांनी 'बिग ईस्ट' हे नाव आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली आपली स्पर्धा सोबत नेली. बटलर, क्रेटन आणि झेवियर यांना घेऊन १ जुलै २०१३ पासून दहा जणांचा संसार सुरू झाला. ही मंडळी धुतल्या तांदळासारखी होती असे आम्ही म्हणत नाही. फॉक्स वाहिनीशी बारा वर्षांचा, पन्नास कोटी डॉलरांच्या घरातला करार झाल्याच्या बातम्या तेव्हाच आल्या होत्या, आणि क्रेटन ज्या ओमाहात आहे ते प्रॉव्हिडन्सच्या शेजारी कोणत्याच नकाशात नाही. पण निर्णय कोणत्या खेळाच्या सोयीने घ्यायचा, एवढी एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या हाती घेतली. व्हिलानोव्हाने २०१६ आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. फुटबॉलच्या आशेने दुसऱ्या घरात राहिलेले कनेक्टिकट २०२० मध्ये परत आले आणि २०२३, २०२४ अशी लागोपाठ दोनदा विजयी झाले. पश्चिमेकडे गोंझागा हे फुटबॉल नसलेले असेच एक बास्केटबॉलचे घर. तेथल्या मोडतोडीनंतर 'पॅक-१२' या गटात फक्त दोन महाविद्यालये उरली होती, आणि त्या पुन्हा बांधल्या जाणाऱ्या गटात २०२६ पासून जाण्याचे गोंझागाने २०२४ मध्ये जाहीर केले.

आता कर्जत.

आमच्याकडचा बास्केटबॉल म्हणजे कबड्डी. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद जागा, मुलींसाठी त्याहूनही कमी. सात जण आत, पाच राखीव. भात कापून झाले की खाचर मोकळे होते आणि डाव मांडता येतो. क्रिकेटचे मैदान, टेनिसचे कोर्ट, तरणतलाव यांच्याशी ज्या महाविद्यालयांचा परिचय केवळ मूल्यांकनाच्या अहवालातल्या रकान्यांपुरता आहे, त्यांनाही या एका खेळात कोणाहीसमोर मान वर करून उभे राहता येते. रायगडची कबड्डी महाराष्ट्राला माहीत आहे. ती आम्ही नव्याने सांगायला नको.

परंतु हा संघ खेळायचा कोणाशी? मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत रायगड जिल्हा कोकण विभागात, रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या पंगतीस. कर्जत तालुका रायगडात, म्हणून कर्जतही तेथेच. कागदावर हे निर्दोष आहे. कशेळ्याच्या नाक्यावर उभे राहून पाहावे म्हणजे त्यातली गंमत कळते. नाक्यावरून एका बाजूस कर्जतचे स्थानक, जेथून लोकल मुंबईस जाते. दुसऱ्या बाजूस मुरबाडचा रस्ता. लोकलच्या वाटेवर बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर. रस्त्याच्या वाटेवर मुरबाड. ही सारी गावे ठाणे जिल्ह्यातली, म्हणजे विद्यापीठाच्या लेखी परकी. आणि ज्या अलिबागचे आम्ही, तेथे प्रवासी रेल्वे नाही. खोपोली, पेण करीत जायचे. त्यापुढचे कोकण तर आणखी दूर.

हा जिल्हाही काही अनादि नव्हे. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये कर्जत हा ठाणे जिल्ह्याचा तालुका आहे. पुढे तो कुलाब्यास जोडला गेला आणि कुलाब्याचे रायगड १९८१ मध्ये झाले. कोणा गोऱ्या साहेबाने महसुलाच्या सोयीसाठी ओढलेल्या रेघेवर आज आमच्या मुली कोणाशी कबड्डी खेळणार हे ठरते! बरे, शासन स्वतः तरी ही रेघ पाळते काय? लोकसभेसाठी कर्जत मावळ मतदारसंघात, म्हणजे मत द्यायचे पिंपरी-चिंचवडबरोबर. मुंबई महानगर प्रदेशात तालुक्याचा काही भाग घेतलेला. रेल्वेच्या लेखी आम्ही मुंबईची उपनगरी सेवा. मत एकीकडे, गाडी दुसरीकडे, सातबारा तिसरीकडे. मग खेळाच्या बाबतीतच जिल्हा पवित्र कसा?

विभाग दूरचा असला म्हणून बिघडले कोठे, असे विचारणारा बहुधा पुरुष असतो आणि तो शहरात राहतो. कशेळ्याच्या पलीकडच्या ठाकर-कातकरी वाड्यांतून वर्गात येणाऱ्या मुली आम्ही पाहतो. सकाळी निघून दिवेलागणीला घरी परतता येईल अशा सामन्यास घरचे हो म्हणतात. मुक्कामाचा सामना म्हटला की आधी कपड्यांचा प्रश्न, मग सोबतीचा, मग आईच्या मजुरीच्या दिवसाचा, आणि शेवटी उत्तर नाही असे येते. चढाईत चपळ असलेली मुलगी अशा रीतीने संघातून गळते आणि आपण अहवालात 'विद्यार्थिनींचा प्रतिसाद अल्प' असे लिहितो. हे वाक्य आम्हीही लिहिलेले आहे. त्याची लाज वाटते.

यात केवळ हौसेचा प्रश्न नाही. राज्याच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे, आणि तेथे प्रमाणपत्र कोणत्या पातळीचे हे पाहिले जाते. विद्यापीठाच्या संघात निवड होणे ही त्या वाटेवरची मोठी पायरी. ती पायरी चढायची तर आधी विभागात खेळायला पोचायला हवे.

अलीकडची गटवारी तर याहून बोलकी आहे. २०१९ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज ही चार शासकीय महाविद्यालये मुंबई विद्यापीठातून बाहेर काढून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ हे समूह विद्यापीठ झाले. पाठोपाठ २०२० मध्ये के. सी., एच. आर. आणि बॉम्बे टीचर्स ट्रेनिंग कॉलेज यांचे एचएसएनसी विद्यापीठ आले. दक्षिण मुंबईतल्या या महाविद्यालयांच्या शैक्षणिक स्वायत्ततेवर आमचा आक्षेप नाही. पण साधा हिशेब करावा. आंतरविद्यापीठ कबड्डी स्पर्धेत प्रत्येक विद्यापीठाचा एक संघ. तीन-चार महाविद्यालयांतून बारा जण निवडायचे, आणि इकडे कुलाब्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या शेकडो महाविद्यालयांतूनही बाराच जण निवडायचे. चर्चगेटच्या विद्यार्थ्यास विद्यापीठाच्या संघात जाण्याची संधी कशेळ्याच्या मुलीच्या कितीतरी पट झाली, आणि यासाठी कोणाला एक चढाईही करावी लागली नाही. खेळासाठी हे कोणी केले नाही, हे आम्हास मान्य आहे. आमची तक्रारच ती आहे. तेथे नकाशा फुटबॉलने काढला, येथे परीक्षा विभाग आणि अनुदानाच्या फायलींनी. ज्याच्या जवळ एकच खेळ आहे तो दोन्हीकडे खोलीबाहेर.

महाराष्ट्रात हे पूर्वीही घडत आले. १९८३ मध्ये अमरावती नागपूरपासून निघाले, १९९० मध्ये जळगाव पुण्यापासून, १९९४ मध्ये नांदेड औरंगाबादपासून, २००४ मध्ये सोलापूर कोल्हापूरपासून, २०११ मध्ये गडचिरोली पुन्हा नागपूरपासून. प्रत्येक वेळी वर्षानुवर्षे समोरासमोर खेळणारी महाविद्यालये एका अधिसूचनेने वेगळी झाली. काहींचे भले झाले असेल. नव्या विद्यापीठात लहानांस जागा मिळते, हे आत्ताच्याच हिशेबाने सिद्ध होते. पण त्यांस विचारले होते काय? कोकणासाठी स्वतंत्र विद्यापीठ हवे ही मागणी अधूनमधून उठते. ती उद्या मान्य झाली तर रायगडाचे काय, आणि रायगडातही कर्जत-खालापूरचे काय, हा प्रश्न पदव्यांच्या कागदासंबंधी जरूर विचारला जाईल. मैदानासंबंधी विचारला जाईल याची आम्हास खात्री नाही.

येथे दोन आक्षेप येतात. पहिला 'दर्जा'चा. लहानांनी मोठ्यांत गेल्याशिवाय दर्जा वाढत नाही, असे म्हणणारे २०१४ पासूनच्या प्रो कबड्डीचा दाखला देतात: झगमगाट, मॅट, बोली, मग गावोगावच्या मुलांना दरवाजे खुले. दरवाजा उघडला हे खरे. पण त्या दरवाजापर्यंत जाणारी वाट शेजारच्या गावाशी दरसाल होणाऱ्या सामन्यांतूनच जाते. १९८५ च्या त्या तीन संघांचा दर्जा दूरच्या प्रवासाने वाढला नव्हता. हंगामात पुनःपुन्हा एकमेकांना भिडून वाढला होता.

दुसरा आक्षेप व्यवस्थेचा: जिल्हा सोडला तर गोंधळ होईल. हा आक्षेप आम्हा साहित्यवाल्यांच्या तोंडी विशेष शोभतो! ग्रामीण, दलित, आदिवासी, स्त्रीवादी असे कप्पे करून, एकेका घटकास पंधरा गुण देऊन आम्ही अभ्यासक्रम सुटसुटीत केला, आणि एकाच काळात एकाच भाषेत लिहिणारे लेखक एकमेकांशी काय बोलत होते ते विद्यार्थ्यास कळू दिले नाही. गटवारीने शेजार कसा तुटतो याचा अनुभव आमच्याइतका कोणास असेल? असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मागणी एवढीच. विभाग जिल्हानिहाय न ठेवता खेळनिहाय करावेत, निदान कबड्डी आणि खो-खो यांपुरते. कर्जत, खालापूर, मुरबाड, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या महाविद्यालयांची प्राथमिक फेरी एकत्र व्हावी, सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल अशी. त्यातून निघालेला संघ पुढे विद्यापीठाने कोठेही न्यावा. विद्यापीठाचा निर्णय होईतो या महाविद्यालयांनी स्वतःच्या जबाबदारीवर साखळी सामने सुरू करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. त्या सातांनीही आधी आपापसांत बोलणी केली, मग पत्र लिहिले. पहिली बैठक कोठे घ्यायची असे कोणी विचारले तर कशेळे सोयीचे आहे. मुरबाडची आणि कर्जतची, दोन्हीकडची एसटी तेथे थांबते.