आगगाडीचा इतिहास किलोच्या भावाने

रेल्वेच्या गावात राहत असाल तर एकदा रद्दीच्या दुकानात जाऊन तराजूवर काय काय चढते ते पाहा. शाळेची पुस्तके, लग्नपत्रिका, जुनी मासिके आणि त्यांच्याच ढिगात रेल्वेचे फोटो. काळ्या जाड पानांचे अल्बम असतात, प्रत्येक फोटो चार कोपऱ्यांत बसवलेला, मध्ये बटरपेपर. पुलाचे खांब उभे राहताना, कारखान्यातून इंजिन नवे होऊन बाहेर येताना, निवृत्त होणाऱ्या स्टेशनमास्तरच्या गळ्यात हार पडताना काढलेले हे फोटो. कार्यालय नव्या इमारतीत हलते, कपाट रिकामे करायचे असते, कोणीतरी 'निरुपयोगी' असा शेरा मारतो आणि शिपाई गाठोडे बांधतो. एवढ्यावर शंभर-दीडशे वर्षांच्या पुराव्याचा निकाल लागतो! याला निष्काळजीपणा म्हणणे म्हणजे गुन्हेगाराला पाठीशी घालणे आहे. हा गुन्हा आहे, आणि आम्ही हा शब्द रागाच्या भरात वापरत नाही, कायद्याचे पुस्तक समोर ठेवून वापरतो.

सार्वजनिक अभिलेख कायदा संसदेने १९९३ साली केला. केंद्र सरकारच्या कोणत्याही कार्यालयाने आपले जुने कागद ठरवून दिलेल्या रीतीखेरीज नष्ट करू नयेत, असे तो सांगतो. १८९२ पूर्वीचा अभिलेख तर कपाट भरले म्हणून कोणालाही फेकता येत नाही. प्रत्येक कार्यालयाने अभिलेख अधिकारी नेमावा, असेही त्यात आहे. नियम मोडणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रेल्वे हे केंद्र सरकारचे खाते आहे, आणि सरकारी कामासाठी, सरकारी पैशाने काढलेला फोटो हा सरकारी अभिलेखच आहे. मग आजवर किती जणांना शिक्षा झाली? शिक्षेचे सोडा, तुमच्या विभागाचा अभिलेख अधिकारी कोण, हे त्याच विभागाच्या दारात जाऊन विचारा. या टेबलावरून त्या टेबलावर फिरून संध्याकाळी तुम्ही फाटकाबाहेर पडाल आणि उत्तर मिळालेले नसेल.

आणि हेच खाते १६ एप्रिल आला की वारशाचे ढोल पिटायला सर्वांच्या पुढे! १८५३ साली त्या दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली. १४ डबे, ३ इंजिने, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि ३४ किलोमीटरचा प्रवास. हा अभिमानाचा दिवस आहे यात शंका नाही. पण त्या दिवशी 'पहिली आगगाडी' म्हणून जे फोटो गावभर फिरतात ते जरा डोळे उघडून पाहा. काहींत लांबलचक बोगीचे डबे असतात. १८५३ चे डबे चार चाकांचे, आखूड होते. बोगीचे डबे यायला पुढे कित्येक वर्षे लागली. काहींत रुळांवर विजेच्या तारा दिसतात. या देशात विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली! त्या पहिल्या गाडीचा म्हणून खात्रीने दाखवता येईल असा एकही फोटो आमच्या पाहण्यात नाही, तरी दर एप्रिलला तो छापला जातो. १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकरांनी 'मुंबईचे वर्णन' लिहिले, तेव्हा त्यांच्याजवळ ना संगणक होता ना संग्रहालय. डोळ्यांनी पाहिले, विचारले, लिहिले. आज सगळे हाताशी असताना एका फोटोखाली खरी ओळ लिहिता येत नसेल, तर लाज कोणाला वाटायला हवी?

जुना फोटो ओळखणे हे म्हाताऱ्यांचे रिकामपणाचे उद्योग आहेत, अशी साहेबांची समजूत दिसते. म्हणून ही विद्या काय आहे ते एकदा दाखवू. मिरज जंक्शनचा एक फोटो घ्या, मागे तारीख नाही. रूळ तीन मापांचे दिसतात : १६७६ मिलिमीटरचा मोठा, १००० चा मीटरगेज आणि ७६२ चा छोटा. छोटी गाडी मिरजेला पोचली १९२७ साली. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग मोठा झाला १९७१ च्या सुमारास. मीटरगेज तिथून उखडला १९९० च्या दशकात. तेव्हा हा फोटो कोणत्या दोन दशकांतला, ते नुसत्या रुळांनी सांगितले. आता 'दख्खनची राणी' घ्या. १ जून १९३० ला ती धावू लागली. एक गाडी रुपेरी रंगाची आणि तांबड्या पट्ट्यांची, दुसरी गडद निळी आणि सोनेरी रेघांची. तिसऱ्या वर्गाचे डबे तिला १९५५ च्या जूनमध्ये लागले, पेरांबूरचे पोलादी डबे आले १९६६ मध्ये. जुन्या घडणीच्या डब्याच्या दारावर तिसऱ्या वर्गाचा आकडा दिसला, की फोटो १९५५ ते १९६६ मधला. इंजिनाच्या टेंडरवर 'जीआयपी' लिहिलेले असेल तर ते इंजिन ५ नोव्हेंबर १९५१ पूर्वी रंगवलेले, कारण त्या दिवशी मध्य रेल्वे जन्माला आली. न्यायालयात उभा राहील असा हा पुरावा आहे, आणि तो वाचणारी माणसे या महाराष्ट्रात आजही जिवंत आहेत. असे असताना दख्खनच्या राणीच्या मूळ गाडीच्या काळ्यापांढऱ्या फोटोला संगणकाकडून हवा तो तपकिरी रंग फासून 'दुर्मिळ रंगीत छायाचित्र' म्हणून खपवणाऱ्यांना आम्ही इतिहासप्रेमी म्हणावे काय? ते इतिहासाच्या तोंडाला काळे फासणारे लोक आहेत.

पण रूळ आणि रंग यांच्यापलीकडची गोष्ट फक्त माणूसच सांगू शकतो. बार्शी लाइनवर आयुष्य काढलेल्या एका वृद्ध फायरमनसमोर कुर्डुवाडीचा एक फोटो ठेवला होता. मागे शिसपेन्सिलीने एकच शब्द, 'आषाढी'. आम्ही इंजिनाचा नंबर वाचू पाहत होतो. त्यांनी नंबराकडे ढुंकूनही पाहिले नाही. बोट ठेवले ते डब्यांच्या पार मागे, कोपऱ्यातल्या धुरकट डागावर. फोटो खराब झाला असे आम्हाला वाटत होते. "डाग न्हाई तो, मागच्या इंजिनाचा धूर हाय," ते म्हणाले. "वारकऱ्यांची जादा गाडी. भरून निघाली की दोन इंजिनं लागायची. आन् हा खांद्यावर फडकं टाकलेला हाय ना, त्यो ड्रायव्हर न्हाई, सांधेवाला. ड्रायव्हर च्या प्यायला गेलाय." मग त्या सांधेवाल्याचे नाव, त्याचे गाव, त्याच्या पोराची नोकरी, सारे एका दमात. कोणत्या दप्तरात हे सापडणार होते? एव्हरार्ड कॅलथ्रॉपने १८९७ मध्ये ही लाइन सुरू केली, ती १९०६ ला पंढरपूरला, १९११ ला लातूरला गेली, १९५४ मध्ये सरकारने घेतली, हे सगळे छापील आहे. सांधेवाल्याचे नाव कुठेही छापलेले नाही. तो फायरमन गेला की ते नाव गेले.

आणि अशी माणसे जाताहेत. रेल्वेला त्याचे सोयरसुतक नाही.

वाफेच्या इंजिनाला शेवटचा निरोप देऊन आता तीस वर्षे होत आली. चित्तरंजनच्या कारखान्यातून मोठ्या मापाचे वाफेचे शेवटचे इंजिन 'अंतिम सितारा' बाहेर पडले १९७० मध्ये. त्या साली विशीत नोकरीला लागलेला खलाशी आज पंचाहत्तरीत आहे. यवतमाळच्या 'शकुंतला' गाडीला मँचेस्टरचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत ओढत होते. ते पेटवणारे, त्यात पाणी भरणारे हात आज किती उरले असतील याचा विचार कोणी केला आहे? डबे जपण्यासाठी कोट्यवधी रुपये मागणाऱ्या खात्याला माणसाची आठवण जपायला एक वही आणि एक ध्वनिमुद्रण यंत्र परवडत नाही!

वर या खात्याचा उद्धटपणा पाहा. कित्येक दशके फलाटावर कॅमेरा काढला की पोलीस खांद्यावर हात टाकत. पुलाच्या तोंडाशी 'छायाचित्रणास मनाई' अशी पाटी. कर्जतला मागून जोर लावणारी इंजिने गाडीला जोडताना पाहायला, त्यांचे नंबर वहीत उतरवायला उभ्या राहिलेल्या शाळकरी पोरांना हेर समजून दटावले गेले. आज त्या काळातल्या रोजच्या रेल्वेचे, खात्याने कधी काढलेच नाहीत असे फोटो कोणाजवळ आहेत? त्या पोरांजवळ! परवानगीवाचून, लपूनछपून, खाऊच्या पैशातून रीळ विकत घेऊन काढलेले. ज्यांना हाकलले त्यांच्याच दारात आज 'वारसा सप्ताहा'साठी फोटो मागायला जाता, आणि छापताना त्यांचे नावही घालत नाही. ही कृतघ्नता नव्हे तर काय?

शौकिनांनाही आम्ही सोडणार नाही. त्यांच्यात जिवाला जीव देणारे आहेत, तसेच कपाटाला कुलूप लावून बसलेलेही आहेत. माझा संग्रह, माझे इंजिन, माझा फोटो, दुसऱ्याने पाहिला तर जणू झिजेल! हे गृहस्थ जातात आणि तेराव्यानंतर मुले कपाट उघडतात. फिल्मला आंबूस वास सुटलेला असतो, रीळ आक्रसून वाकडी झालेली असते, स्लाइडवर बुरशी. एखाद्याच्या घरातून संग्रह सरळ परदेशी लिलावात जातो आणि मग भोरघाटाचा अल्बम पाहायला आपल्या अभ्यासकाला लंडनचे विमान पकडावे लागते. इंग्रजांनी निदान आपली दप्तरे सांभाळली. बेयर-पीकॉक कंपनीने बांधलेल्या इंजिनांची कागदपत्रे मँचेस्टरच्या संग्रहालयात आज नीट लावून ठेवलेली आहेत. ती इंजिने ज्या गावांत राबली तिथे काय आहे? स्थानकाबाहेर चौथऱ्यावर उभे केलेले, नारळासुपारीच्या दुकानासारखे भडक रंगवलेले एक धूड, आणि त्यावर ज्याने उद्घाटन केले त्या पुढाऱ्याचे नाव.

भोरघाटाचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट बोलल्यावाचून पुढे जाणे पाप आहे. १८६३ मध्ये पुरा झालेला तो घाट, २५ बोगदे, ३७ फुटांत एक फूट असा चढ. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये मेला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने काम तडीस नेले. तिचे नाव पुस्तकांत आहे, असावेच. पण एका वेळी त्या डोंगरात ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीने, सुरुंगाने, कड्यावरून पडून मेले. त्या काळच्या फोटोंत ते दिसतात : बोगदा किती उंच आहे ते कळावे म्हणून तोंडाशी उभे केलेले, फूटपट्टीच्या जागी माणूस. खाली लिहिलेले असते बोगद्याचे नाव आणि साहेबाचे नाव. ती ओळ आपण आज, स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षांनी, तशीच्या तशी उतरवून घेतो. सूची करणे म्हणजे ही ओळ पुन्हा लिहिणे. नाव नाही मिळाले तर 'मजूर, अज्ञात' असे लिहा, पण तो माणूस आहे हे लिहा.

दिल्लीच्या चाणक्यपुरीत १९७७ पासून राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. २०१८ मध्ये गूगलच्या मदतीने रेल्वेने जुनी चित्रे जगापुढे मांडली. चांगले केले. पण चार निवडक चित्रे दिव्याखाली टांगली म्हणजे प्रदर्शन होते, सूची होत नाही. सूचीत प्रत्येक फोटोला क्रमांक हवा. पुढची बाजू जशी उतरवायची तशीच पाठही उतरवायला हवी, कारण शिक्का, तारीख, स्टुडिओचे नाव पाठीवरच असते. ठिकाण कोणी ओळखले, कशावरून ओळखले, खात्रीने की अंदाजाने, हे लिहायला हवे. आणि उद्या कोणी चूक दाखवली तर जुनी नोंद पुसून न टाकता तिच्याखाली नवी लिहायला हवी. फोटोच्या पाठीवर बॉलपेन चालवणाऱ्याचा हात तिथेच धरायला हवा. याला ना परदेशी सल्लागार लागतो, ना निविदा. राज्यातल्या विद्यापीठांत इतिहासाचे विद्यार्थी प्रबंधाला विषय मिळत नाही म्हणून तेच ते दळण दळत आहेत. त्यांना भुसावळला, इगतपुरीला, कुर्डुवाडीला पाठवायला कुलगुरूंचे काय खर्च होणार आहे?

दर नोव्हेंबरला रेल्वेचे निवृत्त कर्मचारी हयातीचा दाखला द्यायला बँकेच्या दारात रांग लावतात. डिसेंबरात पेन्शन अदालत भरते, तिथेही ते येतात, काठी टेकत, मुलाचा हात धरून. खात्याला त्यांचा पत्ता माहीत आहे, हुद्दा माहीत आहे, कोणत्या शेडला किती वर्षे होते तेही माहीत आहे. त्या रांगेशेजारी एक टेबल मांडा. त्यावर विभागातले अल्बम ठेवा, भिंग ठेवा, शिसपेन्सिल ठेवा, लिहून घेणारा एक कारकून बसवा आणि त्यांना चहा द्या. तोवर विभागातला एकही अल्बम, एकही काचेची प्लेट, एकही रीळ कार्यालयाबाहेर जाणार नाही असा लेखी हुकूम काढा आणि तो प्रत्येक कपाटावर चिकटवा. महाव्यवस्थापक महाशय, विभागाविभागाच्या अभिलेख अधिकाऱ्यांची नावे, हुद्दे आणि दूरध्वनी आम्हाला कळवा. आम्ही ती पहिल्या पानावर छापू, आणि ज्या विभागाचे नाव येणार नाही त्याची जागा कोरी सोडून तीही छापू.