मशीन बेल वाजवेल, पण उठणार कोण?

सेरेब्रल पाल्सी असलेलं आणि त्यात फिट येणारं लेकरू घरात असलं की आईची रात्र अर्ध्या झोपेतच जाते. पोर स्वतः कूस बदलत नाही, हाक मारत नाही. रात्री फिट आली तर शेजारी झोपलेल्यालाच कळणार. हे रात्रीचं राखण आता एआय करेल, असे व्हिडिओ मोबाईलवर फिरताहेत.

त्यात तथ्य आहे. मनगटावर बांधायच्या 'एम्ब्रेस' या पट्ट्याला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये मंजुरी दिली. २०१९ मध्ये ६ वर्षं आणि त्यापुढच्या मुलांसाठीही दिली. हाताची हालचाल आणि घामामुळे त्वचेत होणारे बारीक बदल तो टिपतो. ही फिट आहे की नुसती चुळबुळ, हे एआय ठरवतं आणि घरच्यांच्या फोनवर इशारा जातो.

पण सगळं अंग आखडून झटके येणारी मोठी फिटच असा पट्टा ओळखतो. पोर क्षणभर टक लावून बघत राहतं, ती फिट निसटते. कधी पोराने खेळताना हात आपटला तरी बेल वाजते. शिवाय पट्ट्याला फोन लागतो, फोनला रेंज आणि चार्जिंग. ज्या वाडीवर कॉल लावायला अंगणात यावं लागतं, तिथे पट्ट्याच्या भरवशावर गाढ झोपणं धोक्याचंच. कॅमेरा लावायचा तर लेकराचे अंघोळीचे, कपडे बदलतानाचे व्हिडिओ कुठे साठतात, हेही विकणाऱ्याला आधी विचारावं.

आणि बेल वाजल्यावर? पोराला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, ५ मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ ला फोन. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवायचा नाही. हे सगळं माणसानेच करायचं. बहुतेक घरांत ते माणूस एकच असतं, आणि सकाळी तिला मजुरीलाही जायचं असतं.

म्हणून खरा प्रश्न दुसऱ्या जोडी हातांचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. मात्र योजना 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' करायच्या, अशी पळवाटही त्याच कलमात आहे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे महिना १,५०० रुपये २०२५ मध्ये २,५०० झाले. ते औषध, डायपर आणि एसटीच्या भाड्यातच संपतात. आईच्या बुडालेल्या रोजाचा हिशोब त्यात कुठेच नाही.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तो यंदा कशावर गेला, हे ग्रामसभेत विचारता येतं.