गळा कुणाच्या मालकीचा नसतो

भीमजयंतीचा महिना सरला की आमच्याकडे दरवर्षी तीच तक्रार येते. गायनपार्टीतली पोरंपोरी रात्ररात्र गातात आणि मग आठ-आठ दिवस त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. यंदा परभणीतल्या एका वस्तीत विहारात वंदना आटोपली, तेव्हा एक माय आमच्याजवळ येऊन बसली. नवरा मोंढ्यात हमाली करतो, ती चार घरची धुणीभांडी करते. पोरगी नववीला. जयंतीत तीन गावांना गायली आणि घसा पार बसला. शाळेतल्या गुरुजींनी सांगितले, "पोरीचा गळा चांगला आहे, शास्त्रीय शिकवा." माय म्हणाली, "ताई, ते आपलं गाणं असतं का? आपल्या लेकराला कोण शिकवील?"

तिचा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. म्हणून आज मोगूबाई कुर्डीकर यांची हकीकत सांगतो.

मोगूबाई आपल्या समाजाच्या नव्हत्या. पण ज्यांचे गाणे ऐकायचे आणि ज्यांना मान मात्र द्यायचा नाही, अशा गोव्याच्या कलावंत घराण्यात त्या १९०४ साली कुर्डी गावी जन्मल्या. देवळाशी जखडलेल्या या बायांच्या वाट्याला काय जिणे येई, ते आपल्याकडच्या मुरळी-जोगतिणींचे हाल पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. आई जयश्रीबाई स्वतः गाणारी. आपले राहिले ते लेकीने करावे म्हणून तिने मोगूला नाटक मंडळीत घातले. १९१४ साली ती आई गेली. दहा वर्षांची पोर उघड्यावर पडली. नाटकात कामे करीत, मिळेल त्याच्याकडून शिकत ती मोठी झाली.

पुढे सांगलीला असताना तिचा रियाज उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या कानी पडला आणि ते तिला शिकवू लागले. हे खाँसाहेब कोण? कोल्हापूरच्या दरबारचे गवई. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला होता. ज्या राजाने माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांना पुढारी म्हणून समाजापुढे उभे केले, त्याच राजाच्या पदरी हे गाणे वाढले. १९२२ मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला आले. त्यांच्या मागे मोगूबाईही मुंबईत आल्या.

इथून खरी परीक्षा सुरू झाली. खाँसाहेबांकडची तालीम तुटली. दुसऱ्या उस्तादांकडे जावे लागले. पुढे खाँसाहेबांचे भाऊ हैदर खाँ यांनी काही वर्षे शिकवले, तेही सुटले. अखेर १९३४ साली अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना गंडा बांधून रीतसर शिष्या केले. म्हणजे सांगलीच्या पहिल्या धड्यानंतर बारा-तेरा वर्षांनी! या काळात बाईने रियाज सोडला नाही.

त्याच मुंबईत १९३६ च्या जूनमध्ये बाबासाहेबांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणींना बोलावून लाजिरवाणे जिणे सोडायला सांगितले होते. मोगूबाई त्या सभेला होत्या असे आमचे म्हणणे नाही. पण बाईने मानाने जगावे, ही गोष्ट त्या आपल्या परीने करून दाखवीत होत्या.

१९३९ मध्ये पती माधवदास भाटिया वारले. पदरी तीन लेकरे. मैफली करायच्या, शिकवण्या करायच्या आणि चूल पेटती ठेवायची. थोरली लेक किशोरी आईबरोबर मैफलींना जाई. गाणाऱ्या बाईला तेव्हा कशी वागणूक मिळते, ते तिने डोळ्यांनी पाहिले. पुढे किशोरीताई आमोणकर म्हणून नावारूपाला आल्यावर त्या मानपानाच्या बाबतीत फार कडक होत्या. लोक त्याला गर्व म्हणत. आईचा अपमान गिळलेल्या लेकीला तो गर्व शोभतो, असे आम्हाला वाटते.

मोगूबाई शिकवायला बसल्या की शिस्तीच्या. स्थायी, अंतरा दोनदाच गाऊन दाखवायचा, तिसऱ्यांदा नाही, असे किशोरीताई सांगत. म्हणून ऐकताना कान उघडे ठेवण्याची सवय लागली. पद्मा तळवलकर, अरुण द्रविड, बबनराव हळदणकर अशी कितीतरी मंडळी त्यांच्याकडे शिकली. घरच्या लेकीला एक आणि परक्याला एक, असा झाकून ठेवण्याचा व्यवहार नव्हता. १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९७४ मध्ये पद्मभूषण. १० फेब्रुवारी २००१ रोजी त्या गेल्या. त्यांचे कुर्डी गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे, उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेवढे वर येते. गाव बुडाले, पण गाणे शिष्यांच्या गळ्यात राहिले.

आता त्या मायला आमचे उत्तर. गाणे कोणाच्या जातीचे नसते. आपल्या आज्या जात्यावर भीमरायाच्या ओव्या म्हणत, त्यांना कोणी सूर शिकवला होता? खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. गळा आपल्याकडे आहेच, शिकवणारा मिळत नाही. एका दारावर नाही म्हटले, तर दुसऱ्या दारावर जायचे. मोगूबाईंनी तेच केले. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा आहेत. त्या घेणारी केंद्रे जिल्ह्यात चौकशी केल्यावर कळतील.

तोपर्यंत गळा सांभाळा. पेटीवाला धरील त्या पट्टीत पोरीला ओढायला लावू नका, तिच्या गळ्याची पट्टी ठरवा. स्पीकर असा ठेवा की गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येईल. नाहीतर तो ओरडतो आणि गळा जातो. सकाळी दहा-पंधरा मिनिटे खालच्या सुरात, जोर न लावता 'सा' धरून बसावे. पोरांचा आवाज फुटायच्या वयात वरची पट्टी नको. घसा बसला की गाणे बंद. कुजबुजूनही बोलू नये. तीन आठवडे आवाज सुधारला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. किशोरीताईंचाही आवाज ऐन तरुणपणी गेला होता. त्या थांबल्या, उपचार घेतले, आणि परत उभ्या राहिल्या.

एक विनंती जयंती मंडळांना. डीजेला हजारो रुपये जातात. त्या वर्गणीतला थोडा हिस्सा बाजूला काढा. विहारातली पेटी कुलपातून बाहेर काढा. रविवारी सकाळी दोन तास एक शिक्षक बोलवा आणि वस्तीतली दहा लेकरे समोर बसवा. जिंतूर, गंगाखेड, पूर्णा, सेलू, कुठेही हे होऊ शकते. डीजेचा आवाज रात्रीपुरता असतो, शिकलेला गळा पिढीला पुरतो.

त्या मायची पोरगी पुढच्या रविवारी पहिल्यांदा 'सा' लावणार आहे. शिक्षक आम्ही शोधला आहे, फीसाठी विहारातल्या पाच जणांनी हात वर केला. पुढच्या जयंतीला ती गाईल, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत बोलूही शकेल.

जयभीम!